भाटियांचा पी. पी. नंबर

गाझियाबादच्या त्या नव्या वसाहतीतल्या इमारतीत शहाण्णव साली सोळा फ्लॅट होते, लिफ्टसाठी खोदलेला खड्डा होता आणि फोन एकच होता. तो नेमका वैजयंती उजगरेच्या घरात असावा हे तिचं नशीब. नवरा गुणवंत सरकारी नोकर, म्हणून त्याला फोन लवकर मिळाला, आणि मिळाल्या दिवसापासून त्यानं तो अख्ख्या इमारतीला वाटून टाकला. कुणाच्या व्हिजिटिंग कार्डावर, कुणाच्या पोराच्या शाळेच्या डायरीत उजगऱ्यांचा नंबर, आणि पुढे 'पी. पी.' अशी दोन अक्षरं. म्हणजे घंटी वाजली की वैजयंतीनं जिना चढायचा, दार ठोठावायचं, "आपका फोन है" म्हणायचं, आणि मग दुसऱ्याच्या घरची भांडणं आपल्याच पॅसेजमध्ये ऐकू येत नाहीत असं दाखवत भाजी चिरायची.

हे सगळं ती करायची, पण मुकाट्यानं मुळीच नाही. जाताना बडबडायची, येताना बडबडायची. "धर्मशाळा उघडलीय आम्ही!" गुणवंत नुसता हसायचा. त्याच्या तोंडी एकच शब्द बसला होता, 'बिल्कुल'. कुणी काही मागितलं की बिल्कुल. आणि त्या बिल्कुलचे जिने चढायची वैजयंती.

त्या रविवारी तिच्या घरी मंडळीची उपासना होती. दिल्लीतल्या वीस-बावीस मराठी ख्रिस्ती घरांतली माणसं महिन्यातून एकदा पाळीपाळीनं एकेकाच्या घरी जमायची. ज्याच्या घरी उपासना, त्या घरच्या बाईनं साक्ष द्यायची, असा रिवाज. प्रभूनं आपल्या आयुष्यात काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगायचं. सरोजिनी नगरच्या चंद्रप्रभाबाई साक्ष द्यायला उभ्या राहिल्या की वचनांवर वचनं यायची, माणसं डोळे पुसायची. वैजयंती दोन वर्षांपूर्वी उभी राहिली ती "प्रभूनं मला" एवढं म्हणून जी अडकली ती अडकलीच. शेवटी चंद्रप्रभाबाईंनी हात धरून तिला खाली बसवलं आणि "काही जणांना देणगी नसते हो," असं गोडपणे म्हटलं. ते 'देणगी नसते' वैजयंतीच्या मनात दोन वर्षं रुतून बसलं होतं. रात्रंदिवस चिडचिड करणाऱ्या आपल्यासारख्या बाईला देवाचं नाव घ्यायला जीभच दिली नसेल, असं तिला खरंच वाटू लागलं होतं. या वेळी तिनं चार पानं लिहून तोंडपाठ केली होती. कणीक मळताना, कपडे वाळत घालताना तिनं ती शंभरदा म्हटली होती.

रविवारी सकाळी सातला फोन वाजला.

"जी, इश्तेहार देखा. लड़की का कद कितना है?"

"कौनसी लड़की?" वैजयंतीनं विचारलं.

साडेसातपर्यंत असे पाच फोन आले. मग खाली फेरीवाल्याकडून वर्तमानपत्र आणवलं. विवाहविषयक पानावर चौथ्या मजल्यावरच्या नीलम भाटियाची जाहिरात होती आणि खाली उजगऱ्यांचा नंबर, पी. पी.

"अहो!" वैजयंती ओरडली.

गुणवंत दाढी करत होता. त्यानं अर्धा फेस लागलेला चेहरा बाहेर काढला. "अगं हो, भाटियाआंटींनी विचारलं होतं. मी म्हटलं, बिल्कुल. तुला सांगायचं राहिलं बघ. पण छापून याच रविवारी येईल हे मला काय ठाऊक?"

"तुम्हाला काय ठाऊक असतं? मी वायरच उपटून टाकते आता!"

"टाक," गुणवंत म्हणाला. तो असा लगेच कबूल झाला की तिला आणखीच राग यायचा.

वायर तिनं उपटली नाही. नीलम एकतीस वर्षांची होती. एकदा ठरलेलं लग्न तिच्या वडिलांना अर्धांगवायू झाल्यावर मोडलं होतं. पुन्हा जाहिरात द्यायची नाही, असं त्या पोरीनं आईला बजावलं होतं. ही शेवटची, असं म्हणून आईनं तिला गळ घातली होती, हे सगळं वैजयंतीला माहीत होतं. कसं नसणार? मोडल्याचा फोनही तिच्याच पॅसेजमध्ये आला होता.

दुपारी तासभर भाटियाआंटी स्वतः स्टूल टाकून फोनपाशी बसल्या. तीन वाजता मंडळी येऊ लागली तशा त्या उठल्या. "भाभीजी, आपकी पूजा है, हम बीच में नहीं बैठेंगे. इनको भी दवाई देनी है. कोई फोन आए तो बस लिख लेना." आणि वर निघून गेल्या. बस लिख लेना! वैजयंतीनं हात जोडले. ते नमस्काराचे होते की वैतागाचे, तिचं तिला कळलं नाही.

उपासना सुरू झाली. मंडळीचे वडीलधारे प्रमुख अण्णासाहेब प्रार्थना करू लागले, फोन वाजला. गुणवंत पेटी वाजवायला बसलेला, तो उठू शकत नव्हता. वैजयंती उठली. "रंग साफ है?" "सांवला है." खट्ट. पहिलं गीत झालं, फोन वाजला. "गाड़ी देंगे क्या?" "आप चलकर आइए," ती म्हणाली आणि आपणच आपटला. प्रत्येक वेळी गुडघे मोडत माणसांच्या रांगेतून जायचं, चंद्रप्रभाबाईंच्या साडीवर पाय पडायचा. "सॉरी." "असू दे हो," चंद्रप्रभाबाई म्हणायच्या आणि निऱ्या अशा ओढून घ्यायच्या की तो पाय जन्मभर लक्षात राहावा.

अखेर अण्णासाहेब म्हणाले, "आता वैजयंतीबाई साक्ष देतील. जरा आटोपशीर द्या, सरोजिनी नगरवाल्यांची बस आहे."

ती उभी राहिली. पहिलं वाक्य आलं. दुसरं आलं. तिसरं तर असं आलं की दोन बायका पुढे सरकून ऐकू लागल्या. चंद्रप्रभाबाईंच्या भुवया वर गेल्या. वैजयंतीला आतून इतकं बरं वाटलं की काय सांगावं.

आणि फोन वाजला.

या वेळी गुणवंत उठला. वीस वर्षांत पहिल्यांदा तो बायकोच्या बाजूनं उठला. पॅसेजमध्ये जाऊन त्यानं वायरला हात घातला.

"अहो, नका!" वैजयंती साक्षीच्या मध्येच ओरडली. "त्या पोरीचं कुणी असेल." आणि ती निघाली. रडू आलं होतं, रागाचं. राग त्या फोन करणाऱ्याचा, भाटियांचा, देवाचाही.

"हापुड़ से बोल रहा हूँ जी, रिटायर्ड मास्टर हूँ. बेटे के लिए. बहनजी, एक ही बात पूछनी है. कोई छुपाने वाली बात तो नहीं?"

दिवसभराचं सगळं तिच्या तोंडाशी आलं. "छुपाना क्या है? एकतीस की है, सांवली है, लिख लो. बाप चार साल से बिस्तर में है. ये लड़की सुबह उसको नहलाती है, खिलाती है, फिर दो बस बदलके नोएडा जाती है. शादी एक बार टूटी, इसी कारण टूटी, लड़की का कुछ कसूर नहीं. मेरे हाथ को प्लास्टर था ना, तो दो महीना मेरी चोटी इसने की. मैंने बोला नहीं था. रोज नीचे आती थी, और मैं रोज चिल्लाती थी कि खींच मत. आपको ऐसी नहीं चाहिए तो फोन रखो, मेरे घर में लोग बैठे हैं!"

मास्तरांनी फोन ठेवला नाही.

"आप माँ हैं?"

"मैं नीचे वाली हूँ. फोन मेरा है."

"सुबह से आप ही उठा रही हैं?"

"और कौन उठाएगा? तीसवाँ है आपका."

"हम मंगल को आएँगे," मास्तर म्हणाले. "घर देखने. पता बोलिए, और हमारा भी लिख लीजिए. हमारा नंबर भी पी. पी. है जी, बगल वाली दुकान का. ज़रा प्यार से बोलिएगा, वो बहुत चिढ़ते हैं."

पॅसेज आणि खोलीच्या मधे नुसता पडदा होता. ती परत आली तेव्हा सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळलेल्या होत्या. अण्णासाहेबांनी घड्याळ पाहिलं. सव्वापाच. त्यांनी आशीर्वाद म्हटला, सगळ्यांनी आमेन म्हटलं, आणि उपासना संपली. पुन्हा तिची पाळी यायला दोन वर्षं लागणार होती.

"अगंबाई, तुमची साक्ष राहिलीच की," चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. या वेळी त्यांच्या आवाजात गोडवा नव्हता, त्या खरंच हळहळल्या होत्या.

"राहिली ती राहिली!" वैजयंती म्हणाली. आवाज फुटला तिचा. "आधी पेन द्या कुणीतरी. हापूडचा पत्ता विसरेन मी."

अण्णासाहेबांनी खिशातलं पेन काढून दिलं. कागद शोधायला वेळ नव्हता. तिनं तळहातावर गल्ली, घर, दुकानाचा नंबर सगळं लिहिलं आणि चपला न घालता जिन्याकडे धावली.

"चहा तेवढा गाळा हो," जिन्यावरून ती चंद्रप्रभाबाईंना ओरडली, "आणि पुन्हा वाजला तर उचला!"