किती ते अजून ठरायचंय

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा आणि एक लांबट खोली मनात आणा. खाली लाँड्री आहे. तिथल्या इस्त्र्यांची वाफ जिन्यावरून वर येते, म्हणून खोली थंडीतसुद्धा उबदार असते. चपला दाराशी काढून आत आलात, की या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बांधलेली एक दोरी दिसेल. तिच्यावर कपडे नाहीत, शब्द वाळत घातलेत. खिडकीजवळ 'अ लिटल', मग 'क्वाइट', मग 'व्हेरी' आणि अगदी दाराशी 'एक्स्ट्रीमली'. पाट्या पुठ्ठ्याच्या, आणि चिमटे लाँड्रीवाल्याकडून मागून आणलेले. दिसलं? मग बसा कुठेतरी कडेला. बाई येतीलच.

ती शिकवणीची खोली आता राहिली नाही. तिथे कुणाचं तरी गोदाम झालंय. बाईंचे केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले. पण कुठून इस्त्रीचा गरम, जरासा करपट वास आला, की त्या वाटेतच थबकतात आणि दोरीखाली उभी राहून घसा ताणणारी ती पोरं त्यांना दिसू लागतात.

इंग्रजीत वाक्याला जोर देणारे शब्द शिकवायची बाईंची रीतच तशी होती. फळ्यावर एक साधं वाक्य लिहायचं, 'द टी इज हॉट.' मुलानं दोरीखाली हव्या त्या जागी उभं राहायचं, डोक्यावरचा शब्द घालून वाक्य म्हणायचं आणि आवाजही तेवढाच चढवायचा. खिडकीशी कुजबुज, दाराशी आरोळी. कुणी 'एक्स्ट्रीमली हॉट' म्हणून किंचाळलं, की खालून लाँड्रीवाला हाक द्यायचा, "बाई, फुंकर घालून द्या त्याला!"

त्या मुलांत एक होती गडबड. हे नाव तिच्या आईनंच पाडलेलं. ती थेट दाराशीच जाऊन उभी राहायची. एकदा तिनं ठोकून दिलं, "धिस इज एक्स्ट्रीमली पेन्सिल!"

"अगं, पेन्सिल कशी आहे ते आधी सांग," बाई म्हणाल्या. "लांब आहे, बोथट आहे, काय आहे? नुसत्या पेन्सिलीला जोर कसा लावशील?"

"पण बाई, ही खरंच फार पेन्सिल आहे!"

तिच्या शेजारी बसायची मोजकी. हिचे वडील दुकानांतले तराजू दुरुस्त करायचे. त्यांच्या घरी 'खूप' म्हटलं की लगेच प्रश्न यायचा, "म्हणजे किती?" त्यामुळे मोजकी दोरीखाली जायची ती विचार करत. चहाच्या वाक्याला तिनं विचारलं होतं, "बाई, कोणता चहा? आत्ताचा की मघाचा?" सगळा वर्ग हसला आणि सगळ्यांत मोठ्यानं हसली गडबड. दोघींचं मेतकूट कसं जमलं ते बाईंना कधी कळलं नाही, पण एक आली नाही की दुसरीचं लक्ष दाराकडे लागायचं.

मग गडबडच्या आईची बदली झाली. ती इस्पितळात परिचारिका होती आणि नवीन इस्पितळ दूरच्या गावी होतं. शेवटच्या दिवशी शिकवणी सुटल्यावर लगेच निघायचं होतं. घर समोरच, त्यामुळे सामानाचा टेम्पो खिडकीतून दिसत होता.

त्या दिवशी बाईंनी फळ्यावर लिहिलं, 'आय अ‍ॅम सॅड.' गडबड दाराशी गेली आणि नेहमीसारखं ओरडायच्या ऐवजी एवढंसं म्हणाली, "आय अ‍ॅम एक्स्ट्रीमली सॅड." मग सगळ्यांनी मोजकीकडे पाहिलं. मोजकी उठली, दोरीखालून चालत गेली आणि खिडकीशी थांबली.

"आय अ‍ॅम अ लिटल सॅड."

कुणीतरी फिसकन हसलं. गडबडचा चेहरा खर्रकन उतरला. तिनं दप्तर उचललं, "येते बाई," म्हणाली आणि मोजकीकडे न बघता जिना उतरून गेली.

बाकीची मुलं पांगली. मोजकी तिथेच उभी, नखानं खिडकीचा रंग खरवडत.

"का गं?" बाईंनी विचारलं. "एवढंसंच वाईट वाटतंय तुला?"

"मला माहीतच नाही किती ते." नाक ओढत ती म्हणाली. "ती अजून गेलीच नाहीये ना, बाई. वजन पारड्यात पडल्याशिवाय काटा कसा सांगणार? मी थोडं म्हटलं, कारण आत्ता एवढंच मोजता येतंय. उद्या ती शेजारी नसेल तेव्हा कळेल. मी खोटं सांगायला हवं होतं का?"

आपणच या पोरीला घाई केली, हे बाईंच्या ध्यानात आलं. त्यांनी पदरानं तिचं नाक पुसलं.

"खोटं नको सांगूस. पण हे आत्ता मला सांगितलंस ना, ते तिला सांग. ती भलतंच काही मनात घेऊन गेली, तर उद्या कळून काय उपयोग?"

"तिनं ऐकलंच नाही तर?"

"टेम्पो सुरू झाला तर नक्कीच नाही ऐकणार. पळ!"

मोजकी धडाधड जिना उतरली. बाई खिडकीत येऊन उभ्या राहिल्या. गडबड टेम्पोत गादीच्या वळकटीवर पाठ फिरवून बसली होती. मोजकी टाचा उंचावून तिच्याशी बोलायला लागली. बाईंना शब्द ऐकू येत नव्हते. फक्त गडबडची पाठ दिसत होती, ताठ. मग ती पाठ हळूहळू सैल झाली, वळली, आणि तिचा ओळखीचा मोठा आवाज वर आला, "म्हणजे अजून वाढणार आहे?"

"वाढणारच!" मोजकीही आता मोठ्यानं म्हणाली. "पण किती ते तू गेल्यावर मोजून कळवते. आधी पत्ता दे."

"आई, हिला पत्ता दे! लवकर दे!"

कागद सगळे खोक्यांत बांधलेले. परिचारिकेनं खिशातलं पेन काढलं, मोजकीचा हात धरला आणि तळव्यावर बारीक अक्षरात पत्ता लिहिला. टेम्पो हलला. गडबड दोन्ही हात हलवत दिसेनाशी झाली. मोजकीनं मात्र हात हलवला नाही. घामानं शाई फिसकटू नये म्हणून तळवा उघडा, अंगापासून लांब धरून, त्यावर फुंकर मारत ती पावलं मोजून टाकत घराकडे निघाली.