एकुलती एक मादी

सत्यशीला वानखडेने चिमटा उचलला. सूक्ष्मदर्शकाखाली तांदळाच्या कणीएवढी गांधीलमाशी पुठ्ठ्यावर चिकटवलेली होती. या जातीच्या माशा जिवंत अळीत अंडी घालतात. खडकवासल्याच्या टेकडीवरच्या एका अळीतून ही मादी निघाली होती. आणखी चाळीस अळ्या पाळल्या, त्यांतून निव्वळ पतंग निघाले. मग आयटीवाल्यांच्या सोसायटीसाठी तो उतारच सपाट झाला.

हिची अंडी घालायची नळी मागच्या नडगीच्या दुप्पट होती. ओळखीच्या जातीत ती दीडपट असते.

"मोजमापं चोख आहेत तुझी," आगाशे सर म्हणाले होते. "पण एका उंच माणसावरून नवी जात ठरत नाही."

म्हणजे डीएनए हवा. त्यासाठी एक पाय तोडायचा. ही माशी कॉलेजच्या कीटकसंग्रहात जमा होती. सर निवृत्त झाले तरी तो संग्रह त्यांच्याच ताब्यात होता, आणि तिथल्या एकाही किड्याला त्यांनी कुणाला हात लावू दिला नव्हता. आठवडाभर हुज्जत घातल्यावर ते एवढंच म्हणाले, "तोड. पण माझ्यासमोर."

गुरुवार होता, वीज नव्हती. खिडकीच्या उजेडात तिने मधला डावा पाय धरून अलगद ओढला. सुटला. चिमट्याच्या टोकावर केसाचा तुकडा असावा तसा दिसत होता. ती अल्कोहोलच्या कुपीकडे वळली, तोच वीज आली आणि डोक्यावरचा पंखा गरगरला.

पाय गेला.

"हलू नकोस!" सर ओरडले. त्यांनी आधी माशीवर काचेचं झाकण ठेवलं, मग पंखा बंद केला.

तासभर दोघं गुडघ्यांवर होती. ब्रशने धूळ कागदावर घ्यायची, भिंगाखाली बघायची. एकदा पाय सापडला; तो मुंगीचा निघाला.

"सर, बटण मी आधी बंद करायला हवं होतं."

"हो. करायला हवं होतं."

सत्यशीलाने ब्रश खाली ठेवला. सर सूक्ष्मदर्शकापाशी बसले. "मधला उजवा अजून आहे," म्हणत त्यांनी चिमटा हातात घेतला, स्वतःच्या बोटांकडे पाहिलं आणि तो खाली ठेवला. "माझ्याच्यानं व्हायचं नाही. तू काढ, मी कुपी धरतो."

या वेळी पाय सुटेना. जरा ओढला तर अख्खी माशीच पुठ्ठ्यावरून उचलली जाऊ लागली. नळी वाकली.

"थांब. खुब्यापाशी धर," सर हळूच म्हणाले.

तिने पकड बदलली. कट्. कुपी चिमट्याच्या थेट खाली होती. पाय तरंगला, मग बुडाला. नळी पुन्हा सरळ झाली होती.

सतरा दिवसांनी बंगलोरच्या प्रयोगशाळेची मेल आली. ओळखीच्या जातीशी ताडून पाहता डीएनएच्या शंभर अक्षरांत नऊ वेगळी होती. सरांनी छापील कागद दोनदा वाचला.

"नवीच आहे," ते म्हणाले. सत्यशीला हसली, तसे त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "पेढे नंतर. एका मादीच्या जोरावर नव्या जातीच्या शोधनिबंधावर मी सही करणार नाही. रविवारी सकाळी सहाला कात्रजच्या स्टॉपवर ये. त्या अळ्या ज्यांवर वाढतात, तीच झाडं त्या बाजूला आहेत."

रविवारी ती पावणेसहाला पोचली. सर जाळी खांद्यावर टाकून उभे होते.

"उशीर केलास," ते म्हणाले आणि चालू लागले.