अमृतची लोकर

भोरला रत्नाबाईंच्या ओट्यावर महिन्याकाठी विणणाऱ्या बायका जमत. तिथली रीत अशी, की कितीही देखणं विणा, ज्याचं त्याच्या अंगावर चढल्याशिवाय कुणी त्याला चांगलं म्हणायचं नाही. ही रीत कुणी काढली कोण जाणे, पण त्या दिवशी ती अंबूबाईंना भोवली.

हिर्डोशीहून सकाळची एसटी धरून त्या आल्या होत्या. पिशवीत नातीसाठी विणलेला निळा स्वेटर. लोकर दुकानातली नव्हे. मुलगा अमृत गेला, त्याचा स्वेटर ट्रंकेत पडून होता. कसरीनं खाऊन उरला तेवढा उसवला, लोकर धुतली आणि प्रेरणासाठी विणला. बापाची ऊब पोरीला लागावी, एवढंच म्हातारीचं मागणं. सून सोनियानं सारोळ्याला दुसरं घर केलं, तेव्हापासून नात दिसली नव्हती. सुनेवर राग नव्हता. तरणी पोर, किती दिवस भिंतीकडं बघत बसणार? पण नातीवाचून घर खायला उठायचं, ते सांगायचं कुणाला?

रत्नाबाईंनीच फोन करून सोनियाला बोलावलं होतं. ती आली. कडेवर दुसऱ्या घरचं तान्हं पोरगं, आणि शेजारी तिच्या कमरेच्या वर गेलेली प्रेरणा.

अंबूबाईंनी पिशवीतला स्वेटर काढून पोरीच्या अंगाशी धरला, तो तोकडा दिसला. माप त्यांनी घेतलं होतं खुंटीवर राहिलेल्या फ्रॉकावरून. पोरी वाढतात हे काय त्यांना कळत नव्हतं? कळत होतं हो. पण फ्रॉकाला वीत लावताना नात त्याच फ्रॉकात उभी दिसायची, त्याला काय करणार.

प्रेरणानं शहाण्यासारखे हात पुढं केले. बाह्या कोपरातच अडल्या.

"उसवून मोठा करू की," रत्नाबाई म्हणाल्या.

"लोकर न्हाई वो. व्हती तेवढी लागली."

सोनियानं स्वेटरावर हात फिरवला. "त्येंचा न्हवं, आत्या?"

"व्हय."

"आई," प्रेरणा म्हणाली, "ह्या आजीला सांग ना, बाळाला बसंल ह्यो." बाजारातल्या कुठल्याही म्हातारीला म्हणावं, तसं म्हणाली.

"गप गं," सोनिया ओशाळली. "ऱ्हाऊ द्या, आत्या."

अंबूबाईंना वाटलं, स्वेटर ओढून घ्यावा आणि मिळेल ती एसटी धरावी. अमृतच्या अंगावरची लोकर, आणि घालायची कुणाच्या पोराला? पण घरी नेऊन तरी काय? पुन्हा ट्रंक, पुन्हा कसर.

"आण त्याला हिकडं," त्या म्हणाल्या.

पोरगं मांडीवर घेतलं, बाह्या चढवल्या. जरा ढगळ, पण बसला. ते एक जागी राहीना. डोळे भरून आलेले, त्यात काजं दिसेनात.

"हलू नगंस रं, अमृत," त्या बटण लावता लावता म्हणाल्या.

सोनियानं तोंड फिरवलं. स्वेटराला चांगला म्हणायचं कुणाला सुचलं नाही.