एकशे एकोणसाठ

सकाळी साडेनऊ वाजता सिंगापूरमधल्या तुआसच्या एका मोकळ्या यार्डात रिसीव्हर नापास झाला. जमिनीत पक्के रोवलेले पाच बिंदू होते, प्रत्येकाची जागा आणि उंची आधीपासून ठाऊक. पाचही ठिकाणी आडवं मोजमाप चोख आलं आणि पाचही ठिकाणी उंची दहा सेंटीमीटर कमी भरली. मुभा चारची होती.

उपग्रहांचे संदेश पकडून आपण नेमके कुठे आहोत हे सांगणारं ते डबडं विनीताने तीन वर्षं खपून बनवलं होतं. बंदरातल्या बिनड्रायव्हरच्या ट्रकवर ते बसायचं होतं. आज पास झालं तर पुढची चाचणी ट्रकवर. नाही तर कंपनी बाहेरून तयार माल आणणार आणि विनीताचं डिझाइन कपाटात जाणार. फेरपरीक्षा एकदाच मिळायची, तीही आजच.

ग्राहकाकडून आलेले परीक्षक मिस्टर कोह उन्हात छत्री धरून उभे होते. "दहा सेंटीमीटर म्हणजे पुष्कळ झाले, लाह," ते सिंगापुरी ढंगाच्या इंग्रजीत म्हणाले. आवाजात कडवटपणा नव्हता, म्हणून विनीताला ते जास्तच लागलं.

तांजोंग पगारच्या ऑफिसातून तिचे मॅनेजर निशिकांत सर यांचा फोन आला.

"अगं, चूक सगळीकडे सारखीच आहे ना? मग सॉफ्टवेअरमध्ये दहा वाढव आणि घे फेरपरीक्षा."

"सर, चूक आली कुठून हे न कळता दहा वाढवले, तर उद्या ट्रक हवेत तरंगेल."

"तत्त्वज्ञान नंतर. बारा वाजता मला वर उत्तर द्यायचंय."

"माझे बारा वाजायच्या आत देते."

फोन ठेवून ती आकड्यांसमोर बसली. तिला एकच गोष्ट खुपत होती. रिसीव्हर चुकतो तेव्हा हेलकावत चुकतो. उघड्यावर एक बोलतो, भिंतीशेजारी दुसरंच. हे दहा मात्र पाचही ठिकाणी ठाण मांडून बसले होते. इतकं शिस्तीत चुकायला माणूस लागतो.

अँटेना पोलच्या टोकावर होता. त्याची जमिनीपासूनची उंची सकाळी टेपने मोजून मशीनमध्ये भरली होती. मशीन ती वजा करून जमिनीची उंची काढत होतं. टेप विनीताने धरली होती, आकडा अनघाने भरला होता. अनघा तिच्या हाताखालची नव्हे, बरोबरीची इंजिनिअर. जन्म, शाळा, विद्यापीठ सगळं सिंगापूरचं; मराठी बुकित तिमाहच्या घरात ऐकलेली. पुण्याच्या होणाऱ्या सासरी फजिती नको म्हणून हल्ली तिने विनीताशी मराठीतच बोलायचा नेम धरला होता.

"अनघा, पोलची उंची किती टाकलीस?"

"तू सांगितलीस ती, विनीताताई. वन सिक्स्टी-नाइन."

"मी एकशे एकोणसाठ म्हणाले."

"येस. तेच."

विनीता तिच्याकडे पाहतच राहिली. "एकोणसाठ म्हणजे किती गं?"

"एकोणीस म्हणजे नाइनटीन, सो एकोण म्हणजे नाइन. साठ म्हणजे सिक्स्टी. सिक्स्टी-नाइन."

"मग एकोणतीस?"

"थर्टी-नाइ..." अनघा थांबली. तिने बोटांवर काहीतरी जुळवून पाहिलं. "नाही. ट्वेंटी-नाइन. अलामाक!" तिने कपाळावर हात मारला.

"सासरी भाजी आणायला गेलीस तर लुटतील तुला."

दोघींना हसू आवरेना. कोह जवळ आले, तेव्हा अनघाने त्यांना सगळं उलगडून सांगितलं.

"म्हणजे तुम्ही साठातून एक काढता?" कोह म्हणाले. "मोजता मोजता वजाबाकी?"

"दर दहाला एकदा," विनीता म्हणाली.

"आमच्या चिनीत पाच-दहा-नऊ. सरळ."

"म्हणून आता टेप तुम्हीच धरा."

कोहांनी छत्री मिटली, वाकून टेप लावली आणि एकेक अंक सुटा वाचला. एक, पाच, नऊ. अनघाने भरला आणि स्क्रीन त्यांच्यापुढे धरली. मग पोल उचलून तिघं पाचही बिंदूंवर पुन्हा फिरली. उंचीतली सर्वांत मोठी चूक दोन सेंटीमीटर निघाली, तीही भिंतीलगतच्या अवघड बिंदूवर. कोहांनी सकाळची मोजमापंसुद्धा खरी उंची धरून पुन्हा काढली. तीही बसली.

"पास," कोह म्हणाले. "एका सकाळी दोनदा."

विनीताने ऑफिसला फोन लावला. बारा वाजायला अजून अवकाश होता.

"सर, पास झालो."

"वाढवलेस ना दहा?"

"नाही सर, काढले. चुकून पोललाच लागले होते."

पलीकडे निशिकांत सर गडगडाटी हसले आणि फोन स्पीकरवर टाकला असावा, कारण मागून टाळ्या ऐकू आल्या. अनघा पोल खांद्यावर टाकून यार्डभर मोठ्याने म्हणत चालली होती: एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी.

गुरुवारी रिसीव्हर ट्रकवर चढला. शुक्रवारी सकाळी ट्रकने उघडी लेन बोटभरही न ढळता पार केली. दुपारी तो उंच क्रेनच्या रांगेखाली शिरला, जिथे वरचं लोखंड आभाळ झाकून टाकतं. शेवटची खबर आली तेव्हा रिसीव्हरला फक्त सहा उपग्रह दिसत होते (चाराच्या खाली गेले की जागाच ठरत नाही), ट्रक चालत होता आणि लेनचं दुसरं टोक अजून दूर होतं.