रुमालाखालचा सौदा

दर रविवारी सकाळी मी पावण्यांना शाहूपुरीची जुनी व्यापारपेठ फिरवून दाखवते. संस्थानी काळातल्या गुळाच्या अडती, दगडी जोती, लाकडी सज्जे, सगळं. फक्त एका दुकानाकडं आम्ही पाठ करून उभं राहतो आणि समोरच्या बाळासोंच्या दुकानाचं कौतुक करतो.

पाठीमागचं दुकान आमचंच. म्हणजे होतं. माझे मालक बसलिंगाप्पा गेले आणि महिना व्हायच्या आत दिरानं, रुद्रेशनं, पाटीवरनं त्यांचं नाव उतरवलं. वर मला म्हणाला, "वैनी, बायकांचं पेठेत काय काम?" तेव्हापासनं मी पेठेतच असते.

गेल्या रविवारी तो गुळाच्या खड्यांचं ताट घेऊन आडवाच आला. आता सुबक डब्यांतनं सेंद्रिय गूळ विकतो. पावणे त्याला हवेत.

"वैनी, आमच्याकडंबी बघा की जरा."

"बघू की. आधी ह्यांना जुना सौदा दाखवू. ताट ठेवा, हात द्या."

बाळासोंच्या खांद्यावरचा टॉवेल घेऊन मी आमच्या हातांवर टाकला आणि पावण्यांना सांगितलं, "पूर्वी भाव असा व्हायचा. रुमालाखाली बोटांनी मागायचं. कबूल असलं तर समोरचा हात दाबायचा, नसलं तर मूठ मिटायचा. आत काय झालं ते दोघांनाच ठाऊक. रुमाल झटकून 'ठरला' म्हटलं की सौदा पक्का. त्यावर मागं फिरला, त्याच्याशी पेठेत कुणी व्यवहार करत नसे."

पावण्यांनी मोबाईल वर धरले. हमालसुद्धा थांबले.

रुमालाखाली मी त्याच्या तळहातावर मालकांचं नाव लिहिलं. सावकाश, एकेक अक्षर. दुसऱ्या अक्षरालाच त्याला कळलं. वर तोंड हसरं, खाली मूठ गच्च.

मी रुमाल झटकला. "ठरला. रुद्रेशशेठ पाटीवर थोरल्या भावाचं नाव परत घालणार."

पावण्यांनी टाळ्या वाजवल्या.

"लई झाक काम केलंसा शेठ," बाळासो पलीकडनं म्हणाले. "रंग माझ्याकडनं."

रुद्रेश माझ्या कानाशी आला. "वैनी, मी मूठ मिटलेली."

"व्हय? कुणी बघितलं?"

त्यानं चारी बाजूंना नजर फिरवली. हमाल, शेजारचे व्यापारी, मोबाईल. हसू तसंच चिकटलेलं.

"बरं. घालतो नाव," तो शेवटी म्हणाला. "आता तरी आणा की ह्यांस्नी आत."

"पाटी लागू दे. दर रविवारी दाखवीन, भावजी. तुम्ही तिच्यावरचं नाव का उतरवलं होतं, तेबी सांगीन. गूळ मात्र आम्ही बाळासोंकडनंच घेतो."

आणि मी पावण्यांना घेऊन रस्ता ओलांडला.