माशीच्या मानेवरचे दोन केस

मित्रांनो, आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तूंना निदान अंग तरी असते. छत्रीला काड्या असतात, खुर्चीला पाय असतात. मी एक जुना प्रोग्राम आहे, संगणकाच्या पोटात राहणारा. मला गंज चढत नाही, माझा रंग उडत नाही, त्यामुळे मला काही लागले असेल असे कोणाच्या मनातही येत नाही. पण मला लागले आहे, आणि ज्याच्या हातून लागले त्याच्यावरच माझा सगळ्यात जास्त विश्वास होता.

आधी माझे काम सांगतो. तुम्ही कधी मुंगीचा अगदी जवळून फोटो काढून पाहिला आहे का? तिचा डोळा स्पष्ट आला तर पाय पुसट येतात, पाय स्पष्ट आले तर डोळा पुसट होतो. इतक्या जवळून कॅमेऱ्याला एका वेळी कागदाएवढा पातळ थरच नीट दिसतो. म्हणून फोटोग्राफर कॅमेरा एका पट्टीवर बसवतात, तसूतसूने पुढे सरकवतात आणि दर वेळी एक फोटो घेतात. असा फोटोंचा ढीग झाला की तो माझ्याकडे येतो. मी प्रत्येक फोटोतला स्पष्ट भाग तेवढा उचलतो आणि सगळे जोडून एकच चित्र करतो. गोधडी शिवणारी बाई जुन्या कपड्यांतले धडके तुकडे निवडते, तसेच हे.

मला एका गिरणीतल्या इंजिनिअरने लिहिले. त्याला शेवाळाचे फोटो काढायचा नाद होता. सुटीच्या दिवशी जेवणाच्या टेबलावरची ताटे बाजूला सारून तो माझी एकेक ओळ लिहायचा. त्याने माझ्यात एक नियम घातला. जे कुठल्याच फोटोत नाही, ते चित्रात दाखवायचे नाही, आणि ठरवता आले नाही तर तेवढा भाग धूसर सोडायचा.

"थापा मारण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं," असे तो बायकोला समजावून सांगायचा.

"हे स्वतःला कधी लागू करणार?" ती विचारायची.

पुढे मी एका फोटोग्राफरच्या घरी आलो. साबणाच्या वड्या, घड्याळे, औषधांच्या बाटल्या असल्या गोष्टींचे जाहिरातीसाठी फोटो काढणे हा त्याचा धंदा. त्याची मोठी बहीण कॉलेजात कीटकांचा अभ्यास करायची. ती त्याला धाकट्या म्हणायची, आणि घरातल्यांचे ऐकून मीही मनात त्याला धाकट्याच म्हणू लागलो. तिच्या डब्यांतले किडे घेऊनच आम्हा तिघांचे खरे दिवस गेले.

जिथे दोन केस एकमेकांवरून जातात, तिथे माझी अडचण होते. पुढचा केस स्पष्ट असतो तेव्हा मागचा पुसट असतो, आणि मागच्याच्या वेळी पुढचा फुगून त्याच्यावर सावली धरतो. अशा जागी मी नियमाप्रमाणे धुक्याचा एक ढग सोडतो. म्हणून माझे चित्र माझ्यापाशी पूर्ण होत नाही. माणसाला बसावे लागते, ढिगातला नेमका फोटो शोधावा लागतो आणि त्यातला तो केस ब्रशने चित्रावर उतरवावा लागतो. धाकट्या खुर्चीवर बसायचा, ताई स्टुलावर.

"मागचा केस आण," ताई म्हणायची.

"आणतो. जरा दम धर."

"हा नव्हे रे. हा पायाचा आहे. माशीला मानेवर पाय फुटले का?"

"तुझ्या माश्यांचा भरवसा नाही, ताई."

असे हसत, भांडत त्यांनी माझी किती चित्रे पुरी केली असतील. पाहुण्यांना चित्र दाखवताना धाकट्या म्हणायचा, "डोळे मिटून विश्वास ठेवावा तो याच्यावर. नसलेलं कधी दाखवणार नाही." हे ऐकून मला जे वाटायचे त्याला अभिमानच म्हणतात ना? त्या घरात एक रीतही होती. चित्र पूर्ण झाले तरी मूळ फोटोंचा ढीग पुसायचा नाही. "ते बियाणं आहे," ताई म्हणायची, "बियाणं कोणी दळून खातं का?"

मग ती माशी आली. ताईला ती एका पडलेल्या झाडाच्या सालीखाली मिळाली होती, आणि एकच मिळाली होती. तिच्या मानेवर दोन राठ केस होते, एकमेकांना छेद देणारे. तिच्या जवळच्या भाऊबंदांत तिथे एकच केस असतो. ताईचे म्हणणे होते की ही माशी वेगळ्या जातीची आहे, आजवर कोणी नोंदवलेली नाही. धाकट्याने तिचे फोटो काढले, दोघांनी ढिगात ते दोन्ही केस पाहिले, पण ब्रशने चित्र पुरे करायचे राहून गेले. पण डबीतून कॉलेजात परत नेताना डबीला धक्का बसला आणि ते दोन्ही केस झडले. वाळलेल्या किड्यांचे असे होते. आता ताईचे म्हणणे खरे ठरायचे, तर ते फक्त त्या फोटोंच्या जोरावर.

त्याच सुमारास नवा प्रोग्राम घरात आला. तो झरझर काम करायचा. माझ्यासारखा ढग सोडणे त्याला ठाऊकच नव्हते. जिथे समजायचे नाही, तिथे तो आपल्या मनाने सुबक काहीतरी भरून द्यायचा. मी त्याला दोष देत नाही, त्याला तसेच शिकवले होते. नव्याचे नऊ दिवस, असे म्हणून मी गप्प राहिलो.

फोटोग्राफरांच्या मंडळात धाकट्याचे भाषण ठरले. विषय होता, फोटो जोडायला जुना प्रोग्राम बरा की नवा. तुलनेसाठी त्याने ताईच्या माशीचाच ढीग निवडला. ताईला वाटले, बरे झाले, चार लोकांना आपली माशी दिसेल. तिने आपल्या विभागाच्या प्रमुख बाईंनाही बोलावले.

"दोन्ही प्रोग्रामना तेच फोटो दिलेत," धाकट्याने सभेत सांगितले. "आणि दोघांच्याही चित्राला मी हात लावलेला नाही. म्हणजे पक्षपात नको."

ऐकायला किती न्यायाचे वाटते! पण मित्रांनो, हाताशिवाय माझे चित्र अर्धेच असते, हे त्या सभागृहात एकाच माणसाला पक्के ठाऊक होते आणि तो माइकसमोर उभा होता. पडद्यावर माझे चित्र आले, मानेवर ढग घेऊन.

"माशीला धुकं लागलंय का हो?" मागून कोणीतरी म्हणाले. सभा हसली. धाकट्याही हसला.

लोकांच्या हसण्याचे मला काही वाटले नाही. त्याचे हसणे मी विसरलेलो नाही. केसाने गळा कापणे म्हणतात ते मला त्या दिवशी कळले.

मग नव्याचे चित्र आले. लख्ख, चकचकीत. टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर प्रमुख बाई ताईकडे वळल्या.

"इथे तर एकच केस दिसतोय," त्या म्हणाल्या. "तुम्ही दोन म्हणत होता ना?"

नव्याने दोन्ही केस मिळून एक झकास जाड केस करून टाकला होता. ताईने धाकट्याकडे पाहिले. त्याने एवढेच म्हणायचे होते, की थांबा, मूळ फोटोंत दोन आहेत, मी डोळ्यांनी पाहिलेत. पण नुकताच तो नव्याचे गुण गाऊन बसला होता. त्याने पाण्याचा ग्लास उचलला आणि पुढचे चित्र लावले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ताई आली. चप्पल काढून थेट संगणकापाशी गेली आणि स्टूल ओढून बसली.

नव्याला बाजूला ठेवून तिने मलाच उघडले. "धाकट्या, ढीग कुठे आहे? मागचा केस आणायचाय."

धाकट्या दारातच उभा राहिला. "ताई, ते फोटो मी काढून टाकले. नव्या प्रोग्रामला जागा पुरत नव्हती. चित्रं झालीच होती, म्हटलं आता ढीग ठेवून काय करायचं."

"कॅमेऱ्यातले?"

"ते कार्ड दुसऱ्या कामाला वापरलं."

ताई रागावली नाही. रागावली असती तर बरे झाले असते. तिने माझे ते सभेत हसे झालेले चित्र उघडले आणि मानेवरचा ढग मोठा मोठा करत नेला. ढगात दोन फिकट सावल्या होत्या, एकमेकींना छेद देणाऱ्या. मला ठरवता आले नव्हते, म्हणून मी त्या पुसल्या नव्हत्या आणि एक करूनही टाकल्या नव्हत्या.

ते चित्र तिने प्रमुख बाईंना नेऊन दाखवले. बाईंनी चष्मा वर सरकवून पाहिले. "दोन असतील," त्या म्हणाल्या, "पण एवढ्यावर जात ठरवता येणार नाही. दुसरी माशी आणा. तोवर तुमचं म्हणणं मी खोटं धरत नाही." ढगातून जे वाचले, ते एवढेच.

आता मी ताईच्या संगणकात राहतो. माझ्या मालकाने मला निरोपही दिला नाही. गरज सरो, वैद्य मरो. सुटी असली की ताई पडलेल्या झाडांच्या साली उचलून बघते. दुसरी माशी अजून मिळालेली नाही.

परवा धाकट्या तिच्याकडे आला होता. चहा ढवळत म्हणाला, "ताई, माशी मिळाली की फोटो मीच काढणार हं."

"काढ," ताई म्हणाली. "तुझ्याइतके चांगले कोण काढणार? पण ढीग माझ्याकडे राहील."

तो मान खाली घालून हो म्हणाला. पूर्वी या दोघांत तुझे-माझे नव्हते.

मित्रांनो, तुम्ही नवे घ्या, वेगवान घ्या, माझी तक्रार नाही. पण बियाणे जपून ठेवा. कोणी "मला नक्की माहीत नाही" म्हणाला, तर त्याला हसू नका. आणि तुम्हाला माहीत असेल, तर त्याच्या वतीने बोला. त्या सभेत धाकट्याला माहीत होते.