अजून दाखवा

उंटरमोस गावात लग्न शर्टाशी लागतं. आत कोण आहे ते मागाहून बघतात, आणि बरेच जण बघायचं विसरूनही जातात.

गडहिंग्लजच्या कालिंदीबाई घोरपड्यांना व्याह्यांनी हे सांगितलं, तेव्हा त्या जराही दचकल्या नाहीत. नवरदेव मोहिमेवर अडकला की पूर्वी त्याच्या खांड्याशी मुलीचं लग्न लावून मोकळे व्हायचे, हे त्यांनी सासूच्या तोंडून ऐकलं होतं. "तलवारीपेक्षा शर्ट बरा," त्या म्हणाल्या. "निदान धुता तरी येतो." व्याही आल्फोन्स यांनी मान डोलावली. ते जर्मनच बोलत होते आणि बाई मराठीच, पण त्या गावात शिरल्यापासून सगळ्यांचं सगळ्यांना कळत होतं. त्याचंही कुणाला काही वाटलं नाही.

नवरदेव म्हणजे कालिंदीबाईंचा एकुलता एक मुलगा विश्वजित, घरात विशू. म्युनिकला नोकरी, तिथंच फ्रोनी भेटली, आणि आज दुपारी बाराच्या घंटेला फ्रोनीच्या गावात लग्न. बव्हेरियातला नवरदेव गुडघ्यापर्यंतची चामड्याची चड्डी घालतो, वर खांद्यावरून पट्टे. फ्रोनीच्या आजोबांची चड्डी विशूला मिळाली होती. कालिंदीबाईंनी ती हातात घेऊन वजन केलं आणि आमच्या विहिरीवरची मोट याच चामड्याची होती, म्हणून सांगितलं. राहिला होता शर्ट. तो नवऱ्या मुलाच्या आईनं, आपल्या हातानं निवडून, लग्नाच्या सकाळीच घ्यायचा असतो. आदल्या दिवशी आणला तर तो रात्रीतून उठून एकटाच चर्चमध्ये जाऊन बसतो, आणि सकाळी बघावं तर लग्न लागून गेलेलं असतं.

म्हणून मायलेक सकाळी लेखनरबाईंच्या दुकानात आले. दुकान लहानसं. लाकडी काउंटर, मागं फळ्यांवर घड्या, कोपऱ्यात पडदा लावलेली घालून बघायची जागा. बाहेर चौकात वाजंत्री मंडळी तुताऱ्या मांडीवर ठेवून बसली होती. बसल्या बसल्या ती एकसारखी दुकानाच्या काचेकडे बघत होती, आपल्यालाही कुणी घ्यायला येईल अशा आशेनं.

आता कालिंदीबाईंची खरेदी तुम्हाला माहीत नाही, म्हणून सांगतो. गडहिंग्लजला त्या कापडदुकानाची पायरी चढल्या की मालक आधी चहा सांगायचा आणि मग नोकराला म्हणायचा, बाबा रे, आज जेवण विसर. त्या गादीवर मांडी ठोकून बसायच्या, फळीवरचं सगळं खाली उतरवायला लावायच्या, प्रत्येक कापड चिमटीत धरून चोळून बघायच्या, आणि शेवटी पहिलं दाखवलेलंच घ्यायच्या. "शंभर बघावेत तेव्हा एक घ्यावा," असं त्यांचं म्हणणं. दुकानदार मागून कपाळाला हात लावायचा, पण घड्या घालून झाल्या की संपलं. त्यात कुणाचं काही बिघडत नव्हतं.

आणि आज आणखी एक गोष्ट होती. शर्टाची निवड चालू आहे तोवर लग्न लागणार नव्हतं. पोरगा आज या गावाचा होणार, वर्षातून एकदा पाहुण्यासारखा यायचा, हे कालिंदीबाईंना कळत होतं. फ्रोनी मुलगी लाखात एक. तिच्याबद्दल काही म्हणणं नव्हतं. पण एवढा घास घाईनं गिळवेना.

लेखनरबाईंनी पहिला शर्ट काढला. पांढरा, तागाचा, छातीवर बारीक उभ्या चुण्या, हरणाच्या शिंगाची बटणं. समोरून अर्धाच उघडणारा, डोक्यातून घालायचा. हाताला कोमट लागला.

"आत्ताच इस्त्री केलेला दिसतोय," कालिंदीबाई म्हणाल्या.

"नाही," लेखनरबाई म्हणाल्या.

विशू पडद्यामागं जाऊन घालून आला. असा बसला होता की जणू त्याच्यासाठीच शिवलेला. "आई, हाच घेऊ. झकास आहे," तो म्हणाला.

"पहिल्याच दुकानात पहिलाच? काढ तो. बाई, अजून दाखवा."

विशूनं शर्ट उतरवून काउंटरवर ठेवला. तो आडवा पडला नाही. बसला. पोटाशी जरा फुगलेला, आणि डावा खांदा किंचित खाली. शाळेचं दप्तर एकाच खांद्यावर अडकवायची विशूला खोड होती, त्यानं उतरलेला तो खांदा. कालिंदीबाईंनी विशूकडे पाहिलं. त्याचे दोन्ही खांदे आता सरळ होते. बरंच झालं की, त्यांना वाटलं.

"पुढचे चौकड्यांचे आहेत," लेखनरबाई म्हणाल्या. "चौकडी बिअरच्या मांडवात घालतात. लग्नाला पांढरा."

"असू दे हो. दाखवायला काय जातंय तुमचं?"

"माझं काही जात नाही," लेखनरबाई म्हणाल्या आणि लाल चौकडीचा शर्ट काढला.

विशूनं तो घातला, उतरवला. काउंटरवर ठेवताच लाल शर्ट खोकला. विशूचाच खोकला, लहानपणी पावसाळाभर चालायचा तो, आधी दोन कोरडे ठसके आणि मग लांबलचक उबळ. कालिंदीबाईंनी न बघताच हात पुढे करून त्याच्या पाठीवरून फिरवला. शर्ट निवांत झाला. दोन शर्टांना बसायला जागा हवी म्हणून काउंटर थोडं लांबलं होतं, आणि दुकानाचं दार त्या मानानं पलीकडे सरकलं होतं.

"आई, पुरे ना आता. बारा वाजतील. तुझं नेहमीचंच आहे, लोकांना पिदडायचं."

"गप रे. जन्मात एकदा लग्न. निळा बघू तो."

निळ्या शर्टात विशूचं हसणं राहिलं. तो काउंटरवर बसल्या बसल्या खुदुखुदु हलत होता, कशाला ते कळायला मार्ग नाही. काउंटर आणखी लांबलं. वाजंत्री आता काचेतून बोटभर दिसत होते.

मग हिरवा. त्या चौकडीचा रंग कालिंदीबाईंना मनापासून आवडला, पण कॉलर उभी होती, आणि उभ्या कॉलरीत माणूस बँडवाला दिसतो असं त्यांचं ठाम मत. विशूनं तोही उतरवला. हिरवा शर्ट काउंटरवर बसला आणि त्यानं दोन्ही बाह्यांची घट्ट घडी घातली.

"अजून एखादा बघायचा का रे?" कालिंदीबाईंनी विचारलं. पोरगा चिडणार, हे धरूनच विचारलं होतं.

"तू म्हणशील तसं, आई," विशू म्हणाला.

कालिंदीबाईंना पहिल्यांदा बरं वाटलं. मग त्यांनी मान वळवून त्याच्याकडे नीट पाहिलं. एवढं ऐकणारं पोर त्यांचं नव्हतं. दहावीला विज्ञान घे म्हटलं तर दोन दिवस जेवला नव्हता. देवाला नमस्कार कर म्हटलं तर आधी वाद घालायचा आणि मग करायचा. त्याचा सगळा राग, हट्ट, चढलेला आवाज तिकडे हिरव्या शर्टात हाताची घडी घालून बसला होता, आणि इथं जो उभा होता तो इतका हलका झाला होता, की लेखनरबाईंनी खाली वाकून घडी उचलली त्या वाऱ्यानंही तो एक पाऊल मागं सरला.

"विशू, इकडे ये. माझ्याजवळ उभा राहा."

"हो, आई."

"बाई," कालिंदीबाई म्हणाल्या, "हे सगळं परत करा. जसा आणला होता तसा द्या मला."

"घालून उतरवलेलं परत होत नाही."

"मग मी सगळेच घेते."

"दुकानातून एकच शर्ट बाहेर जातो. कुठला ते तुम्ही सांगायचं. बाकीचे गावाकडे राहतात." लेखनरबाईंनी चौकाच्या दिशेला मान वळवली. "वाजंत्र्यांत माणसं लागतातच. आयांना घाई नसते, त्यामुळं आमचं बरं चालतं."

कालिंदीबाईंना त्या बाईचा राग येईना, हे जास्त वाईट होतं. बाईनं काही लपवलं नव्हतं. विचारलं असतं तर पहिल्या शर्टालाच सांगितलं असतं. पण दुकानात कुणी असं विचारतं का? दुकानात आपण अजून दाखवा म्हणतो. त्यांनी एकेका शर्टासमोर उभं राहून बघितलं. खांदा घ्यावा तर खोकला जातो. हसणं घ्यावं तर हट्ट राहतो, आणि हट्ट नसलेला विशू काय कामाचा? खोकला सोडून द्यावा असं एकदा मनात आलं, तर लाल शर्ट तेवढ्यात खोकला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. रात्र रात्र शेगडीवर ओवा भाजून त्यांनी ती छाती शेकली होती. अर्धा मुलगा परक्या पोरीच्या पदरात टाकायचा कसा? आणि उरलेला अर्धा इथं तुतारी वाजवत ठेवायचा?

"एकच जाईल ना?" त्या म्हणाल्या. "मग एकच करते."

थरावर थर कसा घालायचा, हे गोधडी शिवणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही. त्यांनी हिरवा शर्ट उचलला, त्याच्या बाह्यांची घडी सोडवायला जरा झटापट झाली, आणि विशूच्या डोक्यातून घातला. त्याच्यावर निळा. निळ्यावर लाल. बाहीत बाही, खांद्यावर खांदा, सुरकुती पडू न देता. सगळ्यांवर तो पांढरा. प्रत्येक शर्टाबरोबर विशू जड होत गेला. शेवटी काउंटर मोकळं झालं आणि आखडून मूळचं लहान झालं, दार होतं तिथं आलं.

"कसं वाटतंय रे?"

"उकडतंय," आतल्या कुठल्याशा शर्टातून आवाज आला. तिरसट होता. कालिंदीबाईंचा जीव भांड्यात पडला.

"हा एकच आहे," त्या लेखनरबाईंना म्हणाल्या.

लेखनरबाईंनी चहूबाजूंनी शर्ट पाहिला. "हो," त्या म्हणाल्या. "एकच आहे." आणि दार उघडून धरलं.

चौकात फ्रोनी उभी होती, हिरव्या झग्यावर रेशमी एप्रन बांधून. ती आधी कालिंदीबाईंच्या पाया पडली. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मग तिनं पांढऱ्या बाहीत हात अडकवला आणि म्हणाली, "किती छान शर्ट आहे, आई. किती भरलेला आहे." वाजंत्री उठले. तुताऱ्या वाजू लागल्या आणि वरात निघाली. कालिंदीबाई मागून चालत होत्या. डावा खांदा खाली होता, चाल विशूची होती, मधेच खोकल्याची उबळही आली. सगळं होतं. फक्त प्रत्येक गोष्ट जराशी उशिरा होत होती, लांबून निघून यावी तशी. पाय पडायचा आणि मग खांदा हलायचा.

चर्चमध्ये त्यांना पहिल्या बाकावर बसवलं. पाद्र्यांनी शर्टाला विचारलं, शर्टानं हो म्हटलं. फ्रोनीला विचारलं, तिनंही म्हटलं, आणि म्हणताना पांढरी बाही घट्ट धरली. पोरीचं खरंच प्रेम होतं. घंटा सुरू झाली. मग सगळे वळून कालिंदीबाईंकडे बघू लागले.

"गळ्याचं बटण," आल्फोन्स त्यांच्या कानाशी म्हणाले. "ते नवऱ्याच्या आईनं लावायचं. बटण लागलं की लग्न लागलं. ते पुन्हा काढायचं नसतं."

"आणि नाही लावलं तर?"

"तर शर्ट दुकानात परत जातो. तिथं त्याचे पुन्हा वेगवेगळे करतात."

कालिंदीबाई उठून समोर गेल्या. टाचा उंचावून त्यांनी दोन्ही हातांनी कॉलर धरली आणि आत पाहिलं. पांढऱ्या कॉलरच्या आत लाल कॉलर होती. लालच्या आत निळी, निळीच्या आत हिरवी, हिरवीच्या आत अंधार, आणि विहिरीत वाकून बघावं तसं खूप खाली विशूचं तोंड होतं. एवढंसं. तो वर बघत होता. त्याचा एक हात वर होता आणि दुसरा कुठल्यातरी बाहीत गुंतला होता.

घंटा थांबत आली होती. फ्रोनी डोळे पुसून हसत होती. कालिंदीबाईंनी शिंगाचं बटण चिमटीत धरलं.

"आई, थांब," तो खालून म्हणाला. "हात अडकलाय."

किती वर्षं त्या हे ऐकत आल्या होत्या. शाळेच्या घाईत, लग्नाकार्याला निघताना, रिक्षा दाराशी उभी असताना.

"हलू नकोस, झालंच," कालिंदीबाई म्हणाल्या, आणि अंगठ्यानं बटण काजात रेटलं.